फुकटचा शेक

पेट्रोलच्या गाडीत ऊब फुकट मिळते. निदान तसं वाटतं. इंजिनात जळलेल्या पेट्रोलमधलं चाकांपर्यंत पोचतं ते जेमतेम चौथा हिस्सा, फार तर तिसरा. बाकीचं सगळं तापून वाया जातं आणि ते इतकं असतं की त्याची विल्हेवाट लावायला रेडिएटर, पंखा, पाण्याचा पंप असा वेगळा सरंजाम बाळगावा लागतो. हिवाळ्यात त्यातलाच थोडा शेक आत वळवला, की झाला हीटर. या आयत्या शेकावर आपण कित्येक दशकं आरामात बसून हिंडलो. त्याचा हिशेब ना गाडीने कधी दिला, ना कुणी मागितला.

विजेच्या गाडीची मोटर याबाबतीत भलतीच काटकसरी. दिलेल्या विजेतला नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग ती चाकं फिरवण्यात घालवते. कौतुकाचीच गोष्ट, पण मग वाया जायला शेक उरतच नाही. ऊब हवी तर ती मुद्दाम तयार करायची, आणि ज्या बॅटरीवर गाडी पळते तिच्यातूनच करायची.

आता माझी गाडी छोटी, स्वस्तातली. तिची बॅटरी २५ किलोवॉट-तासांची, म्हणजे वीजबिलाच्या भाषेत २५ युनिटांची. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. म्हणजे काठोकाठ चार्ज झालेल्या माझ्या गाडीत तीन लिटरपेक्षाही कमी पेट्रोलइतका ऐवज. एवढ्यावर ती उन्हाळ्यात दोनशेच्या आसपास किलोमीटर जाते, याचं मला अजूनही नवल वाटतं. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आपल्याला लहानपणापासून ऐकवलेलं असतं आणि छोटी गाडी घेताना मी तेच केलं होतं. हिवाळ्यात पंचाईत एवढीच, की पाय तेवढेच राहतात आणि अंथरूणच आटतं.

आटतं ते दोन्ही बाजूंनी. बॅटरीच्या आतलं द्रव थंडीत दाट होतं, लिथियमचे आयन जड पावलांनी इकडून तिकडे जातात, बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. बाहेरची हवाही घट्ट होते: उणे १० अंशांतली हवा २० अंशांतल्या हवेपेक्षा दहा टक्क्यांहून थोडी अधिक दाट असते आणि हायवेवर ती कापत जायला तेवढा जास्त जोर लागतो. टायरमधली हवा आकसते. रस्त्यावरचं बर्फाचं रेंदाळ चाकांना धरून ठेवतं. पण हे सगळे तसे किरकोळ चोर. अमेरिकेतल्या ‘ट्रिपल ए’ या मोटारमालकांच्या संघटनेने २०१९ मध्ये पाच इलेक्ट्रिक गाड्यांची चाचणी घेतली. सुमारे उणे ७ अंशांत हीटर बंद ठेवून गाड्यांचा पल्ला सरासरी १२ टक्क्यांनी घटला. हीटर लावल्यावर ४१ टक्क्यांनी. खरा दरोडेखोर कोण, ते यावरून उघडच आहे.

तो मोठ्या गाडीलाही लुटतोच, पण तिला ते जाणवत नाही. छोट्या गाडीला छोटा हीटर पुरत असेल, असा आपला समज असतो. तो फारसा खरा नाही. छोट्या गाडीतसुद्धा माणसं तेवढीच मोठी असतात, काचा जवळपास तेवढ्याच असतात आणि शेक निसटतो तो मुख्यतः काचांतून आणि पत्र्यातून. हीटर सुरुवातीला चार-पाच किलोवॉट ओढतो, आतली हवा तापली की दोनच्या घरात येतो. तासाला दोन युनिट. ८० युनिटांची बॅटरी बाळगणाऱ्याला ती चिल्लर. माझ्याकडे मात्र तो शंभरातल्या आठ टक्क्यांचा घास असतो, आणि डॅशबोर्डवरचा आकडा तो घास गिळताना मला दाखवतो.

पुन्हा हीटर तासाच्या हिशेबाने खातो, किलोमीटरच्या नाही. ही बारीकसारीक वाटणारी गोष्ट गाडी चालवण्याचं सगळं गणित उलटं करून टाकते. ताशी ८० च्या वेगाने जाताना तासाला दोन युनिट म्हणजे शंभर किलोमीटरला अडीच युनिट. ट्रॅफिकमध्ये ताशी २० ने सरपटताना तोच खर्च शंभर किलोमीटरला दहा युनिटांवर जातो, म्हणजे जवळजवळ गाडी हलवायला लागतो तेवढाच. उन्हाळ्यात विजेच्या गाडीला गर्दीचा रस्ता मानवतो आणि हायवे महागात पडतो. कडाक्याच्या थंडीत गर्दीच जास्त खर्चिक होऊन बसते. सिग्नलला उभं असताना गाडी एक इंचही पुढे जात नाही आणि टक्का मात्र खाली उतरतो. पेट्रोलच्या गाडीतही उभ्या उभ्या इंधन जळतच होतं, पण तेव्हा हा तळतळाट कधी जाणवला नव्हता.

यावरून घरात जे व्हायचं ते होतं. बायकोचं म्हणणं, गाडी माणसांसाठी आहे, माणसं गाडीसाठी नाहीत. माझा हात मात्र पंख्याच्या बटणाकडे आपोआप जातो. तिने टोपी-हातमोजे काढायचे आणि मी ‘राहू दे ना, पोचलोच आता’ म्हणायचं, हे ठरलेलं. तडजोड निघाली ती गरम होणाऱ्या सीटची. दोन सीट मिळून शंभर-दोनशे वॉट घेतात, म्हणजे हीटरच्या दहाव्या भागाइतके, आणि शेक थेट पाठीला मिळतो. माणूस तापवण्यासाठी आधी सगळी हवा, छत, काचा आणि मागची रिकामी सीट तापवायची, ही पद्धत मुळातच उधळी होती. पण एक अडचण या तडजोडीलाही पुरून उरते. हीटर बंद ठेवला की आपल्याच श्वासाने काचा धुरकटतात. मागे दोन माणसं बसली आणि ती बोलकी असली की काच पुसण्यासाठी हीटर लावावाच लागतो. गप्पिष्ट पाहुणे आले की पल्ला कमी होतो, हे कोणत्याही माहितीपुस्तिकेत छापलेलं नसतं.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे गाडी प्लगला लावलेली असतानाच आतून तापवून घेणं. तो शेक भिंतीतल्या विजेचा, बॅटरीला त्याची झळ नाही. निघताना काचांवरचा बर्फ सुटलेला असतो आणि स्टिअरिंगला हात लावताना अंगावर काटा येत नाही. विजेच्या गाडीला नावं ठेवणारे ‘रोज रात्री प्लगला लावायचं म्हणजे कटकट’ म्हणतात, तेव्हा मला कॅनडाच्या विनिपेग-एडमंटनकडची पार्किंगं आठवतात. तिथे गाड्यांपुढे विजेच्या सॉकेटांचे खांब असतात, आणि ते आले पेट्रोलच्या गाड्यांसाठी. कडाक्याच्या रात्री इंजिन गोठून सकाळी चालूच होत नाही, म्हणून त्यात बसवलेला ब्लॉक हीटर रात्री प्लगला लावायचा. नॉर्थ डकोटातल्या अँड्र्यू फ्रीमन यांनी १९४० च्या दशकात असा हीटर तयार केला. म्हणजे हिवाळ्यात गाडी प्लगला लावणं हे विजेच्या गाडीचं नवं खूळ नव्हे.

गाडी बनवणाऱ्यांनीही या शेकाच्या हिशेबाशी बरीच झटापट केली आहे. व्होल्वोने २०११ च्या सुमारास आणलेल्या सी-३० इलेक्ट्रिकमध्ये हीटरसाठी चक्क बायोइथेनॉलची टाकी होती. पळायचं विजेवर आणि ऊब जाळायची इथेनॉलवर! ऐकायला विनोदी वाटतं, पण विचार अगदी सरळ होता: जाळून जे चांगलं मिळतं ते जाळूनच घ्यावं. पुढे हीट पंप आला. तो म्हणजे उलटा लावलेला फ्रिज. बाहेरच्या थंड हवेतूनही उष्णता गोळा करून आत आणतो, एका युनिटात दोन-तीन युनिटांचा शेक देतो. पारा फार खाली गेला की त्याचाही दम ढिला पडतो आणि पाच-दहा मिनिटांच्या फेरीत त्याचा फारसा उपयोग होत नाही. तरी तो असावा, असं मला ठामपणे वाटतं. स्वस्त गाडीत नेमका तोच गाळतात. टीव्हीएवढा स्क्रीन मात्र ठेवतात. तो काढून हीट पंप द्या म्हटलं, तर मी आनंदाने जुन्या बटणांवर भागवेन.

गारठलेल्या बॅटरीचे आणखी काही नखरे आहेत. शून्याखाली तिला घाईने चार्ज केलं तर लिथियम बॅटरीतल्या ग्रॅफाइटच्या थरांत शिरण्याऐवजी पृष्ठभागावरच धातू होऊन बसतं, आणि तेवढी बॅटरी कायमची गेली. म्हणून गाडीच स्वतःला आवरते. सकाळी निघाल्यावर रीजन, म्हणजे गाडी मंदावताना वीज परत बॅटरीत भरण्याची सोय, जवळपास बंद असतं. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडी आपोआप मंदावते ही सवय पायाला लागलेली असते, आणि ती तशी मंदावत नाही. मग जुना, साधा ब्रेक. फास्ट चार्जरचंही तेच. न्यूयॉर्कमध्ये टॅक्सी म्हणून धावणाऱ्या निसान लीफ गाड्यांच्या नोंदींवरून केलेल्या एका अभ्यासात दिसलं, की २५ अंशांत जेवढा वेळ लावून बॅटरी ८० टक्के भरते, तेवढ्याच वेळात शून्य अंशाला ३६ टक्के कमी चार्ज मिळतो. यावरचा उपाय साधा आहे. प्रवास संपल्यावर, बॅटरी चालून कोमट असतानाच चार्जिंगला लावायची. गोठलेल्या गाडीला सकाळी नेऊन चार्जरपुढे उभं करणं म्हणजे तिथे अर्धा तास जास्त बसायची तयारी. जानेवारी २०२४ च्या गोठवणाऱ्या लाटेत शिकागोच्या चार्जिंग स्टेशनांवर रांगा लागल्या होत्या, त्यात या सुस्त चार्जिंगचा मोठा वाटा होता. त्याच वर्षी नॉर्वेत विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी जवळपास ८९ टक्के पूर्णपणे विजेच्या होत्या, आणि तिथलाही हिवाळा काही सौम्य नसतो.

‘एवढे किलोमीटर उरले’ असं सांगणारा डॅशबोर्डवरचा आकडा हिवाळ्यात अंदाजपंचे दाहोदरसे असतो. तो आपल्या मागच्या प्रवासांवरून पुढचं सांगतो. काल हायवेने आलो असलो तर आज उदार, काल गर्दीत अडकलो असलो तर आज कंजूष. मी हल्ली किलोमीटरकडे न बघता टक्के बघतो. ते निदान भविष्य सांगायच्या भानगडीत पडत नाहीत. थंडीत पेट्रोलच्या गाडीचं ॲव्हरेजही उतरतं, शहरातल्या छोट्या फेऱ्यांत उणे ७ अंशांना सहज १५ टक्के. ते कुणाच्या डोळ्यावर येत नाही, कारण टाकी मोठी आणि काटा सुस्त.

एका गोष्टीची मात्र मला गंमत वाटते. हिवाळ्यात माझी गाडी सगळ्यात जास्त वीज खाते ती अगदी जवळच्या फेऱ्यांत, कारण दर वेळी गार पडलेला सगळा डबा पुन्हा पहिल्यापासून तापवायचा. तेव्हाचा किलोमीटरमागचा आकडा बघवत नाही. पण त्याच फेऱ्यांत पल्ल्याची काळजी करायचं काहीएक कारण नसतं, कारण घर दोन वळणांवर असतं. लांबच्या रस्त्यावर डबा एकदा तापला की आकडा पुष्कळ सुधारतो आणि नेमकी तेव्हाच मला धास्ती वाटते. अशा छोट्या गाडीचं आयुष्य बहुतेक जवळच्या फेऱ्यांतच जातं. त्यामुळे तिचा सगळ्यात वाईट आकडा आणि माझी सगळ्यात मोठी भीती यांची गाठ सहसा पडत नाही.

शेजारी दर थंडीत विचारतात, “काय हो, हिवाळ्यात किती जाते?” आधी मी तापमान, वारा, वेग, सगळं सांगत बसायचो. आता विचारतो, “तुम्हाला कुठे जायचंय?” ऑफिस, बाजार, मुलाची शाळा एवढंच असेल तर हीटर हवा तेवढा लावा. बर्फाच्या वादळात तीनशे किलोमीटर जायचं असेल, तर या गाडीने जाऊ नका, रेल्वेने जा. मीही रेल्वेनेच जातो. परवा ते सहज म्हणून शेजारच्या सीटवर बसले आणि पहिल्यांदा त्यांनी हीटरचं बटण कुठे आहे ते विचारलं. मी सीटचं दाखवलं.