ऑपरेटिंग सिस्टिम निवडताना आधी मुदत बघा, किंमत नंतर

लिनक्स फुकट आणि विंडोज विकत, एवढ्यावर ही तुलना संपत नाही. घरच्या कॉम्प्युटरवर विंडोजचे पैसे बहुतेक वेळा मशीनच्या किमतीतच गेलेले असतात. त्यामुळे मी सगळ्यात आधी सुरक्षा अपडेटची मुदत बघतो: ही सिस्टिम कोणत्या तारखेपर्यंत दुरुस्त होत राहणार आणि ती तारीख कोण ठरवतं?

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप, सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त सही असलेला कोड चालू देणारी सोय), ६४ जीबी जागा आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते. त्याआधीच्या पिढीचं १६ जीबी रॅमचं धडधाकट मशीनही बाहेर राहतं. अशा मशीनवर उबुंटू या लिनक्सची एलटीएस (दीर्घ मुदतीच्या सपोर्टची) आवृत्ती छान चालते. ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला ५ वर्षं अपडेट मिळतात. उबुंटू प्रो या वाढीव सपोर्टची वैयक्तिक नोंदणी ५ मशीनपर्यंत मोफत आहे, ती केली की मुदत १० वर्षांवर जाते. फक्त नावापुढे 'एलटीएस' आहे ना, ते नीट बघून घ्या. अधल्यामधल्या आवृत्त्यांना जेमतेम ९ महिने अपडेट मिळतात, आणि नवखी माणसं सगळ्यात नवा आकडा बघून नेमकी तीच उतरवून घेतात.

ओपन सोर्सवाले तारीख बदलत नाहीत असं मात्र समजू नका. सेंटओएस ८ या सर्व्हरवरच्या मोफत लिनक्सची अपडेट २०२९ पर्यंत मिळतील या हिशोबाने लोकांनी सर्व्हर उभे केले होते. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की ती ३१ डिसेंबर २०२१ लाच थांबणार. पण पुढे जे झालं त्यात मला खुल्या आणि बंद कोडच्या सिस्टिममधला खरा फरक दिसतो. कोड खुला असल्यामुळे अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स हे पर्याय उभे राहिले, आणि चालू सर्व्हर न पुसता एका स्क्रिप्टने तिकडे नेता आले. बंद कोडच्या सिस्टिमची मुदत संपली की असा दुसरा वारसदार पुढे येऊच शकत नाही.

'कोड सगळ्यांना दिसतो म्हणून सुरक्षित' हे वाक्यही जपून वापरावं. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत, ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये, मुद्दाम घातलेलं चोरदार (बॅकडोअर) सापडलं. एसएसएच (दुरून सर्व्हरमध्ये शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याचा अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरने पिच्छा पुरवला म्हणून ते उघड झालं. तोवर या आवृत्त्या डेबियन या लिनक्सच्या चाचणी शाखेत पोचल्या होत्या, स्टेबल म्हणजे पक्क्या शाखेत नव्हत्या. सर्व्हरवर 'शिळं' डेबियन स्टेबल टाकावं असं मी म्हणतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

घरच्या मशीनचा निर्णय शेवटी प्रोग्रामवर येतो. फोटोशॉप, एक्सेलचे मॅक्रो, किंवा अँटी-चीट (फसवेगिरी पकडणारा प्रोग्राम) लावलेले ऑनलाइन खेळ रोज लागत असतील तर विंडोज ठेवा. ब्राउझर, पत्रव्यवहार, व्हिडिओ आणि प्रोग्रामिंग एवढंच असेल तर लिनक्समध्ये काही अडत नाही. मॅकओएस उत्तम आहे, पण ती ॲपलच्या मशीनसोबतच घ्यावी लागते, म्हणजे निवड सिस्टिमची राहत नाही, मशीनची होते.

लिनक्स टाकण्याआधी ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून बघाच. वायफाय, आवाज, कॅमेरा, ब्राइटनेसची बटणं आणि झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का, एवढं तपासा. फिंगरप्रिंट सेन्सर बरेचदा चालत नाही. ब्रॉडकॉमचं वायफाय कार्ड असेल तर ड्रायव्हर उतरवायलाच इंटरनेट लागतं. अशा वेळी फोन यूएसबीने जोडून त्याचं इंटरनेट वापरा (टेदरिंग).

दोन्ही सिस्टिम शेजारी ठेवायच्या असतील तर खरी अडचण इन्स्टॉल करताना नसते, ती विंडोजशी जोडलेल्या तीन सेटिंगमध्ये असते. पहिलं बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन. नव्या मशीनवर ते बरेचदा मालकाला पत्ता नसताना चालू असतं. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट किंवा बूटची व्यवस्था बदलली की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती कागदावर उतरवल्याशिवाय बायोसला हात लावू नका. की गेली तर डेटाही गेला.

दुसरं फास्ट स्टार्टअप. ते चालू असताना 'शट डाउन' केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, तिचा गाभा (कर्नल) डिस्कवर साठवून झोपवला जातो (हायबरनेट). मग लिनक्समधून विंडोजचं एनटीएफएस पार्टिशन फक्त वाचता येतं, किंवा माउंटच (जोडलंच जात) होत नाही. लोक डिस्क खराब झाली असं समजून बसतात. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ते बंद करा.

तिसरं सगळ्यात फसवं. लिनक्सच्या इन्स्टॉलरला काही वेळा डिस्कच दिसत नाही, कारण बायोसमध्ये डिस्कचा कंट्रोलर इंटेल आरएसटी किंवा व्हीएमडी मोडवर असतो. तो थेट एएचसीआय या साध्या मोडवर नेला तर लिनक्सला डिस्क दिसते, पण विंडोज निळा स्क्रीन दाखवून थांबते. क्रम असा ठेवा: विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग (msconfig) उघडून सेफ बूटवर खूण करा, रीस्टार्ट करून बायोसमध्ये एएचसीआय निवडा, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये सुरू होऊ द्या, मग ती खूण काढा. सेफ मोडमध्ये विंडोज योग्य ड्रायव्हर उचलते आणि पुढे कटकट राहत नाही.

एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड आणि सिक्युअर बूट दोन्ही असतील तर उबुंटू ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगते. पुढच्या रीस्टार्टला निळ्या पडद्यावर 'एनरोल एमओके' (Enroll MOK) निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. घाईत 'कंटिन्यू' दाबलं तर ड्रायव्हर टाकलेला असूनही लोड होत नाही.

सर्व्हरवर लायसन्सचा हिशोब बदलतो. विंडोज सर्व्हरचं लायसन्स कोअर मोजून घ्यावं लागतं: प्रत्येक प्रोसेसरला किमान ८, प्रत्येक सर्व्हरला किमान १६. स्टँडर्ड आवृत्तीत दोन व्हर्च्युअल मशीन बसतात. वर प्रत्येक वापरणाऱ्याला किंवा उपकरणाला वेगळं सीएएल, म्हणजे सर्व्हर वापरण्याचं लायसन्स. ॲक्टिव्ह डिरेक्टरी आणि ग्रुप पॉलिसीवर (सगळ्या मशीनची खाती आणि नियम एका जागेवरून सांभाळणाऱ्या विंडोजच्या सोयींवर) चालणाऱ्या ऑफिसात हा खर्च योग्य आहे; लिनक्सवरचं सांबा २०१२ च्या ४.० आवृत्तीपासून ही खाती सांभाळणारा डोमेन कंट्रोलर होऊ शकतं, तरी शेकडो मशीनच्या पॉलिसी सांभाळायला मी विंडोज सर्व्हरच सुचवेन. वेबसाइट, डेटाबेस, घरातली फाइल साठवण, बॅकअप यासाठी डेबियन. ग्राफिकल डेस्कटॉप न टाकता ४ जीबी रॅम भरपूर होते.

डेबियन सर्व्हर बंद पडायचं एक ठरलेलं कारण इथे जवळून बघू. बॅकअपसाठी दुसरी डिस्क लावली आणि एफएसटॅब (fstab) या कोणती डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये तिचं नाव एसडीबी१ (sdb1) असं लिहिलं. काही महिन्यांनी तिसरी डिस्क लावली, तेव्हा नावं सरकली. किंवा यूएसबी केबल सैल झाली. आता सर्व्हर सुरू होताना ९० सेकंद त्या डिस्कची वाट बघतो आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जातो. नेटवर्क नाही, एसएसएच नाही. इन्स्टॉल करताना रूट (मुख्य प्रशासक) खात्याचा पासवर्ड रिकामा सोडला असेल तर कीबोर्ड-स्क्रीन जोडूनही तो आत घेत नाही, कारण रूट खातं लॉक असतं. लाइव्ह पेन ड्राइव्हवरून फाइल दुरुस्त करावी लागते.

म्हणून नावाऐवजी ब्लकआयडी (blkid) कमांडने मिळणारा यूयूआयडी, म्हणजे डिस्कची न बदलणारी ओळख, लिहा आणि पर्यायांमध्ये 'नोफेल' (nofail) घाला. रीस्टार्ट करण्याआधी फाइंडएमएनटी कमांड व्हेरिफाय पर्यायासह (findmnt --verify) चालवून फाइल तपासा. 'नोफेल'मुळे सर्व्हर सुरू होतो, पण त्यात दुसरा खड्डा आहे. डिस्क माउंट झालेली नसली तरी तिचा फोल्डर रिकामा का होईना जागेवर असतो. रात्रीचा बॅकअप त्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे मुख्य डिस्कवरच, उतरतो. मुख्य डिस्क १०० टक्के भरली की डेटाबेस लिहायचा थांबतो. यावर दोन उपाय आहेत आणि मी दोन्ही एकत्र सुचवतो. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये पहिली ओळ 'माउंटपॉइंट' (mountpoint) कमांडची ठेवा, डिस्क जोडलेली नसेल तर स्क्रिप्टने तिथेच थांबावं. शिवाय डिस्क काढलेली असताना त्या रिकाम्या फोल्डरवर चॅटर कमांडने 'आय' गुण (chattr +i) लावा, म्हणजे डिस्कशिवाय त्यात रूटलाही काही लिहिता येणार नाही. डिस्क माउंट झाल्यावर तो गुण झाकला जातो आणि बॅकअप नेहमीसारखा चालतो.