बाईंचा ‘रन’

आपल्या शाळेत तेव्हा इंग्रजी पाचवीपासून असायचं आणि आठवीत आलो तरी आमच्यातल्या बहुतेकांच्या मनात त्याची धास्ती होती. लालबाग-परळच्या चाळींतली आम्ही मुलं. घरात इंग्रजी दिसायचं ते औषधाच्या बाटलीवर, नाहीतर वडिलांच्या मिलच्या कागदांवर. आमची ही धास्ती इंग्रजीच्या बाईंनी एका शब्दावर घालवली. तो शब्द म्हणजे रन.

१९८६-८७ चं वर्ष. आमच्या वहीत रन म्हणजे धावणे, एवढाच अर्थ लिहिलेला. बाईंनी फळ्यावर तीन वाक्यं लिहिली. एकात नळ, एकात नाक, एकात साडीचा रंग, आणि तिन्हींत क्रियापद तेच. आपल्याकडे नळाला पाणी येतं, नाक वाहतं, रंग जातो. पुढे वाक्यं वाढतच गेली. दुकान चालवणं, साखर संपणं, रस्त्यात ओळखीचं कुणी अचानक भेटणं, अंगात ताप असणं, नाटकाचे प्रयोग चालू राहणं, सगळीकडे रन. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “पण बाई, यात धावतंय कोण?”

त्याच मार्चमध्ये सुनील गावसकरांनी अहमदाबादला कसोटीतला दहा हजारांचा टप्पा गाठला होता. तिथवर पोचलेला तो जगातला पहिला फलंदाज, आणि आपल्या मुंबईचा! वर्गात दुसरा विषय नव्हता. बाईंनी तोच धागा पकडला. म्हणाल्या, “चेंडू सीमेपार गेला की फलंदाज जागेवरच उभा असतो. तरी तुम्ही चार रन लिहिताच ना?”

मग त्यांनी लिहिलं, ‘द मिल इज नॉट रनिंग.’ याचा अर्थ कुणालाच विचारावा लागला नाही. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर कितीतरी घरांतली मिलची नोकरी कायमची गेली होती. बाईंना ते ठाऊक होतं. अवघड विषय टाळून त्या कधी शिकवत नसत, म्हणून तर आम्हाला त्या आपल्या वाटत.

त्यानंतरचा अर्धा तास मला आजही जसाच्या तसा आठवतो. बाई म्हणाल्या, “आता घरचा शब्द घ्या, लागणे. दादरला फलाटावर गाडी लागली आणि खंडाळ्याच्या घाटात गाडी लागली, यातला फरक तुम्हाला कुणी शिकवला?” वर्ग उसळला. भूक लागते, ठेच लागते, दिवा लागतो, निकाल लागतो, नळावर रांग लागते, आजीला चष्मा लागतो. एक मुलगा म्हणाला, “बाबा वॉचमनच्या कामाला लागले.” बाईंनी तेही वाक्य इतरांच्याच ओळीत, तितक्याच ठळक अक्षरात फळ्यावर लिहिलं. म्हणाल्या, “शब्दाला एकटं गाठून अर्थ विचारू नका. त्याच्या शेजारी कोण बसलंय ते बघा.”

मी आता फोर्टमध्ये वकिलांच्या कार्यालयात दस्तऐवजांचं भाषांतर करतो. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात एक रकानाच आहे, मुदत कधीपासून ‘रन’ होते ते सांगणारा. दावा वेळेत आहे की नाही, हे त्या रकान्यावर ठरतं. तिथे चालते, धावते असं काहीही लिहून भागत नाही. मुदत सुरू होते, असंच लिहावं लागतं. शेजारी कोण बसलंय हे बघायची सवय तिथे रोज उपयोगी पडते.

ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशात बरीच वर्षं सर्वांत मोठी नोंद सेट या शब्दाची होती. २०११ च्या सुमारास रन पुढे गेला. क्रियापद म्हणून त्याचे ६४५ अर्थ नोंदले गेले. ती एक नोंद पुरी करायला संपादक पीटर गिलिव्हर यांना नऊएक महिने लागले, हे वाचलं तेव्हा बाईंना सांगावंसं फार वाटलं. आपल्या मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशातही ‘लागणें’ला भरपूर जागा दिलेली आहे.

सुवर्णमहोत्सवानिमित्त आमची बॅच शाळेच्या ग्रंथालयाला मोल्सवर्थ आणि एक चांगला इंग्रजी कोश देत आहे. ते कपाटात कुलूपबंद न ठेवता आठवीच्या वर्गात ठेवावेत, एवढी विनंती.