हे म्हणजे आपलं...

आमच्या ह्यांना परदेशात बाहेर जेवायला न्यायचं तर आधी एक अट घालावी लागते. पानात काहीही येवो, 'हे म्हणजे आपलं...' अशी सुरुवात करायची नाही. मागच्या खेपेला पॅनकेकचं गोड धिरडं झालं, टॅको म्हणजे दुमडलेली पोळी झाली आणि चीझकेकला तर चक्क खरवसाच्या पंगतीत बसवलं. जावई सालस, हसून मान डोलावतो. पण लेक टेबलाखालून माझा पाय दाबते. यंदा गाडीत बसतानाच वचन घेतलं.

लेक पेनसिल्व्हेनियात ईस्टनजवळ राहते. तिथून उत्तरेला गाडीने अर्ध्या तासावर रोझेटो नावाचं छोटं गाव आहे. हा सगळा पट्टा पाटीच्या दगडाच्या खाणींचा. ज्या पाटीवर आम्ही श्री गिरवला, त्याच जातीचा दगड. 1882 पासून इटलीतल्या पुलिया भागातून, रोझेटो वाल्फोर्तोरे या गावची माणसं इथे खाणीत कामाला येऊ लागली. मागोमाग भाऊबंद आले, आणि नव्या वस्तीलाही नाव जुन्या गावाचंच पडलं. ह्यांना हे सांगितल्यावर तोंड उघडलं होतं. मी नुसतं पाहिलं, तसं मिटलं.

हॉटेल बाहेरून घरासारखंच. आत दहा-बारा टेबलं, त्यांवर लाल-पांढऱ्या चौकटींचं प्लास्टिक, कोपर टेकलं की चिकटणारं. साठीची वाढपीण येईल त्याला लाडाने 'हन', म्हणजे 'हनी', म्हणत होती, ह्यांनासुद्धा. चाळीस वर्षांत मी न केलेले लाड तिने पाण्याचा ग्लास ठेवता ठेवता करून टाकले. ग्लासात अर्धा बर्फ. तो नको म्हणून सांगितल्यावर तिने माझ्याकडे जरा काळजीने बघितलं.

पाठोपाठ टोपलीत, कापडाखाली झाकलेला गरम पाव आला. मागितला नव्हता. ह्यांनी कापडाचं टोक उचलून हळूच विचारलं, "याचे पैसे?" फुकट आहे म्हटल्यावर टोपली पाच मिनिटांत रिकामी. दुसरी आली.

खरी गंमत ऑर्डर देताना झाली. मी मांस-मच्छी खात नाही. अंडं चालतं, फक्त घरात शिजवत नाही. हा नियम कुणाला समजावून सांगायच्या फंदात मी पडत नाही. मी विचारलं, लाल सॉसमध्ये मांस असतं का? बाई म्हणाली, "सॉस हवा की ग्रेव्ही?" मला वाटलं, दोन्ही एकच. आपल्याकडे पनीरची ग्रेव्ही, काजूची ग्रेव्ही, सगळं ग्रेव्हीच. बाकीच्या अमेरिकेत हा शब्द टर्कीवर ओतायच्या तपकिरी रश्शाला लावतात, पण इकडच्या बऱ्याच इटालियन घरांत टोमॅटोच्या तांबड्या रश्शाला ग्रेव्ही म्हणतात. आणि रविवारची ग्रेव्ही म्हणजे सॉसेज, मांसाचे गोळे घालून सकाळपासून मंद आचेवर रटरटणारी. मला हवा होता साधा मारिनारा: टोमॅटो, लसूण, तेल. 'मारिनारा' हा शब्द समुद्रावरून आलेला, तरी त्यात मासळी नसते, हेही लेकीने आधीच सांगून ठेवलं होतं, नाहीतर मी तोही नाकारला असता.

वांग्याचं पार्मेजान आलं. चकत्या कापून, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेल्या, वर सॉस आणि वितळलेलं चीझ. मनात 'काप' हा शब्द आलाच. रव्यातले वांग्याचे काप! मी तो पाण्याच्या घोटाबरोबर गिळला.

1960च्या दशकात डॉ. स्टुअर्ट वुल्फ आणि त्यांचे सहकारी या गावात संशोधनाला आले होते. आजूबाजूच्या गावांच्या मानाने इथे हृदयविकाराने माणसं फार कमी दगावत. खाणं काही पथ्याचं नव्हतं. स्वयंपाक डुकराच्या चरबीत, बिड्या-सिगार चालू, काम खाणीतलं. शेवटी त्यांनी कारण लावलं ते माणसांच्या एकमेकांत मिसळून राहण्याला. पुढच्या पिढ्यांची राहणी बदलली आणि ते कवचही गेलं. हॉटेलात मात्र अजून या टेबलावरून त्या टेबलावर गप्पा चालू होत्या. एक आजोबा उठून दुसऱ्यांच्या बशीतला तळलेला स्क्विड खाऊन परत जागेवर येऊन बसले, आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

मग माझी मुख्य डिश आली, कावाटेली नावाचा छोट्या तुकड्यांचा पास्ता आणि ब्रोकोली. तेलात परतलेल्या लसणाचा वास पुढे आला, ह्यांच्या नाकपुड्या हलल्या, पण वचन ते वचन. मी एक तुकडा काट्यावर घेतला. करंगळीच्या पेराएवढा, पाठ फुगीर, पोटाशी खोलगट वळलेला.

नखुले.

माझ्या लग्नाआधी माजघरात चटईवर आत्या, मामी, शेजारच्या काकू बसल्या होत्या. मध्ये परातीत दुधात भिजवलेला रवा. कुणी गव्हले वळत होतं, कुणी अंगठ्याच्या नखाने गोळी दाबून नखुले पाडत होतं. मोठं काम माझ्याकडे नव्हतं, मी पसरायची. आत्याचं नख झिजून सपाट झालं होतं.

"हाताचे आहेत?" मी बाईला विचारलं.

"मालकाची आई होती तोवर हाताचे. आता हँडल फिरवायचं छोटं मशीन आहे." एवढं बोलून तिने टेबलावर दोन बोटं टेकवली आणि आपल्याकडे ओढली, अशी, पिठाची गोळी बोटांखाली गुंडाळत आणल्यासारखी. मीही नकळत अंगठ्याचं नख पुढे करून दाखवलं. आमच्याकडे असं. ती वाकून बघत राहिली. कुणाच्या तरी टेबलावरून हाक आली तेव्हा गेली.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बशीकडे, आणि पावाचा मोठा तुकडा तोंडात कोंबला.

उरलेलं डब्यात भरून मिळालं. टीप 20 टक्के. तिचे रुपये करायचे नाहीत हे त्यांना बजावायचं राहून गेलं, त्यामुळे पार्किंगपर्यंत पुटपुटणं चाललं होतं. गाडी हायवेला लागेस्तोवर ते काही बोलले नाहीत. मांडीवरचा डबा अजून कोमट होता.

"मी काही म्हणालो नाही हं," ते म्हणाले.