रंग उत्तरेकडून येतो

बेळगावात टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ माझे प्रवास-नियोजनाचे कार्यालय आहे. काशी, चारधाम, अष्टविनायक आणि अलीकडे दुबई-सिंगापूर हे आमचे रोजचे काम. त्यामुळे खानापूर तालुक्यातील एका निवृत्त विज्ञान शिक्षिकेच्या मुलीने बेंगळुरूहून फोन करून, आईबाबांना घेऊन कॅनडा-अमेरिकेच्या किनाऱ्यावरची शरदातली रंगीत पाने जहाजातून पाहायची आहेत, असे सांगितले, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. ही 2025 च्या जानेवारीतली गोष्ट. मुलीच्या पदवीदान समारंभासाठी दोघेही पूर्वी अमेरिकेला जाऊन आले होते आणि त्यांचा दहा वर्षांचा व्हिसा अजून चालू होता. प्रश्न उरला होता तो कॅनडाच्या व्हिसाचा आणि तारखांचा.

तारखांचा प्रश्न मी फारच लवकर सोडवून टाकला. मुलीला दिवाळीत रजा मिळणार होती आणि 2025 ची दिवाळी 20 ऑक्टोबरपासून होती. मी 18 ऑक्टोबरच्या सुमारास बोस्टनहून निघून आठवड्याभराने क्युबेक शहरात पोहोचणारी क्रूझ निवडली, बाल्कनीच्या केबिनचे दर काढले आणि आराखडा पाठवून दिला. आमच्या सीमाभागात हा सुट्टीचा हिशेब नेहमीच करावा लागतो. कर्नाटकात शाळांची मोठी सुट्टी दसऱ्याला असते, तर पलीकडे चंदगड-कोल्हापुरात ती दिवाळीला असते. त्यामुळे ग्राहक कुठला आहे हे कळले की महिना आपोआप ठरतो, अशी मला सवय झालेली होती. झाडांचा विचार त्या सवयीत कुठेच नव्हता.

चार दिवसांनी बाई आणि काका स्वतः कार्यालयात आले. बाईंच्या हातात माझा आराखडा होता आणि पिशवीत कापडी पुठ्ठ्याचे एक जुने हजेरीपुस्तक. त्यांनी समोरच्या नकाशावर बोट ठेवले आणि विचारले, "बाळा, थंडी आधी उत्तरेला पडणार ना? म्हणजे पाने आधी उत्तरेला लाल होणार आणि आधी तिथलीच गळणार. मग आपण शेवटी उत्तरेला कशाला पोचायचं?"

मला उत्तर देता आले नाही. इतक्या वर्षांच्या धंद्यात ग्राहकांनी मला दर, जेवण, खोली यांबद्दल खूप प्रश्न विचारले, पण ज्या गोष्टीसाठी प्रवास करायचा त्या गोष्टीबद्दलच मी विचार केलेला नाही, हे कुणी इतक्या साध्या शब्दांत दाखवले नव्हते. क्युबेक सुमारे 46.8 अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि बोस्टन 42.4 अंशांवर. क्युबेकच्या परिसरात रंग सप्टेंबरच्या अखेरीस आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात भरात येतो, अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर ऑक्टोबरच्या मध्याला, तर बोस्टनकडे त्याहून उशिरा. समुद्र उन्हाळ्यातली ऊब हळूहळू सोडतो, म्हणून किनाऱ्यावरची झाडे आतल्या डोंगरांवरच्या झाडांच्या मागून रंगतात. माझ्या आराखड्याप्रमाणे ही मंडळी ऑक्टोबरच्या पंचवीस तारखेला क्युबेकला उतरली असती आणि त्यांना उघड्या फांद्या पाहाव्या लागल्या असत्या. तेही दिवाळीत घराला कुलूप लावून, ही खंत काकांनी आत्तापर्यंत मुलीला बोलून दाखवली नव्हती.

मग बाईंनी हजेरीपुस्तक उघडले. आत मुलांच्या नावांऐवजी कागदाच्या पट्ट्यांनी चिकटवलेली पाने होती. एका पानावर वाळलेल्या कोशिंबाची चार-पाच पर्णदले होती. तपकिरी पडलेली, पण देठाजवळ अजून लालीची छटा राखून असलेली. खाली निळ्या शाईत "जांबोटी रस्ता, 12 मार्च 1991" असे लिहिलेले होते. शाळेजवळच्या त्याच झाडाला नवी लाल पालवी कधी फुटली याच्या नोंदी त्यांनी वर्षानुवर्षे ठेवल्या होत्या. काही वर्षी ती फेब्रुवारीतच फुटली होती, काही वर्षी मार्च अर्धा उलटून गेला होता. "आपल्या कोशिंबाला लाल करणारं आणि तिकडच्या मेपलला लाल करणारं रंगद्रव्य एकच, अँथोसायनिन," त्या म्हणाल्या. "आपल्याकडे ते कोवळ्या पानात असतं, तिकडे गळायला आलेल्या पानात. पिवळं मात्र पानात आधीपासूनच असतं; हिरवं हरितद्रव्य मोडलं की ते दिसायला लागतं. दिवसा ऊन आणि रात्री गारठा असला की लाल चांगलं येतं. एखाद्या वर्षी पाऊस लागून राहिला, नाहीतर ऊबच हटली नाही, तर आठवडाभर मागेपुढे व्हायचंच. तेवढं धरून आखता येईल काय बघ की."

त्या दुपारी मी दुसरे काम घेतले नाही. आम्ही तिघांनी नकाशा टेबलावर पसरला, मुलीला व्हिडिओ कॉलवर घेतले आणि प्रवासाची दिशाच उलटी केली. दसरा 2 ऑक्टोबरला होता. सीमोल्लंघन करून दुसऱ्या दिवशी बेळगावच्या सांबरा विमानतळावरून निघायचे, बेंगळुरूला मुलीला सोबत घेऊन मॉन्ट्रिअल गाठायचे, तिथून आगगाडीने साडेतीन तासांत क्युबेक. जहाजावर चढण्याआधी तिथे दोन रात्री राहायचे, कारण शहराच्या उत्तरेला अर्ध्या-पाऊण तासावर जाक-कार्तिए राष्ट्रीय उद्यानाची दरी आहे आणि त्या दिवसांत मेपल पाहायचे तर तिथेच. मग सागने, शार्लटटाउन, सिडनी (कॅनडातले), हॅलिफॅक्स आणि मेनमधले बार हार्बर असे उतरत रंगाच्या बरोबरीने दक्षिणेकडे यायचे आणि ऑक्टोबरच्या मध्याला बोस्टन. रंग लवकर आला तर खालची बंदरे भरात असतील, उशिरा आला तर क्युबेक. साडेचार अंशांच्या या अंतरात कुठेतरी तो सापडण्याची शक्यता चांगली होती. मात्र तो हमखास सापडेलच असे मी लिहून देऊ शकत नाही, हेही मी त्याच वेळी स्पष्ट सांगितले.

केबिनच्या बाजूवर आमचा सर्वांत जास्त वेळ गेला. क्युबेकहून सेंट लॉरेन्स नदीतून समुद्राकडे जाताना शार्लव्वाचे डोंगर आणि सागनेचे खोरे डाव्या हाताला येतात. पुढे कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांताला वळसा घालून खाली येताना मात्र किनारा उजवीकडे राहतो आणि तोही पाने दिसावीत इतका जवळ नसतो. जहाजे बंदर ते बंदर अंतर बहुधा रात्री कापतात. म्हणजे बाल्कनीतून खरोखर झाडे दिसणार ती नदीत आणि सागनेच्या फिओर्डमध्ये (उंच कड्यांमधून आत शिरलेल्या अरुंद खाडीत), म्हणून डावी बाजू घेतली. जहाज क्युबेकहून किती वाजता सुटते हेही पाहिले, कारण त्या दिवसांत तिथे सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि उशिरा सुटणाऱ्या जहाजातून पहिला किनारा अंधारातच जातो. माहितीपत्रकावर पांढरे चर्च आणि त्यामागे पेटल्यासारखा डोंगर, असे एक चित्र होते. ते अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याकडचे वाटत होते, आणि व्हरमाँटला समुद्रकिनाराच नाही. चित्रातली जागा या प्रवासात येणार नाही हे ग्राहकाला आधी सांगणे मी माझे कर्तव्य समजतो.

बार हार्बरबद्दल मात्र मी दोनदा खात्री करून घेतली. अकेडिया राष्ट्रीय उद्यान तिथेच आहे आणि तिथला 1,530 फुटांचा कॅडिलॅक डोंगर हा या सगळ्या प्रवासाचा माझ्या मते सर्वांत मोलाचा थांबा. पण तिथल्या रहिवाशांनी नोव्हेंबर 2022 मध्ये मतदान करून दिवसाला 1,000 प्रवाशांची मर्यादा मंजूर केल्यामुळे मोठ्या जहाजांचे थांबे तिथे कमी होत गेले. शिवाय तिथे जहाज बाहेरच नांगर टाकते आणि छोट्या होड्यांतून किनाऱ्यावर जावे लागते. समुद्र खवळला तर थांबा रद्द होतो. काकांच्या गुडघ्यांचा विचार करून डोंगरावर बसने जायचे ठरले. मुलीने रजा बदलून घेण्याचे कबूल केले. दिवाळीच्या आधी सगळे घरी परतणार, हे ऐकून काकांनी पहिल्यांदा चहाचा कप उचलला.

निघताना बाईंनी विचारले, तिकडची दोन पाने या वहीत लावायला आणता येतील काय. झाडांचे भाग एका देशातून दुसऱ्या देशात नेण्यावर निर्बंध असतात, जहाजावर आणि विमानतळावर ते काढून घेतात, असे मी सांगितले. त्यांनी क्षणभर वहीवरून हात फिरवला. मग माझ्या टेबलावरचा एक कोरा कागद घेतला, पिशवीतले कोशिंबाचे एक सुटे पान त्याखाली ठेवले आणि माझ्याच पेन्सिलीने वरून हलक्या हाताने घासत गेल्या. शिरा, कडा, देठ एकेक करून कागदावर उमटले. "एवढं तर करू देतील की," त्या म्हणाल्या. तो कागद त्यांनी माझ्याकडेच ठेवला, आणि सामानाच्या यादीत पातळ कागद व मऊ पेन्सिली लिहायला सांगितल्या.