२०० मिलीअँपची मोटर

"मोटर २०० मिलीअँपची हाय, ड्रायव्हर २ अँपचा. तरी चटका बसतोय ओ!"

उद्यमनगरातल्या काउंटरवर आज एक पोरगा तक्रार करत होता. हातात तोच लाल एल-२९८एन ड्रायव्हर (मोटरला करंट पुरवणारा बोर्ड), काळ्या हीटसिंकवाला.

२०० हा आकडा मोकळ्या फिरणाऱ्या मोटरचा. मल्टिमीटर लावून शाफ्ट हाताने हळूहळू फिरवला, सगळ्यात कमी रीडिंग ३ ओहम. मोटर १२ व्होल्टची; १२ भागिले ३, म्हणजे ४ अँप! सुरू होताना क्षणभर आणि चाक अडकलं की सतत मोटर एवढं ओढू पाहते. दणक्यात उलटी फिरवली तर त्याच्या दुपटीजवळ. मध्ये जरा थांबवायची.

त्यात एल-२९८एन जुन्या बायपोलर ट्रान्झिस्टर जातीचा. १ अँपलाच साधारण अडीच व्होल्ट स्वतः खातो, म्हणजे अडीच वॅट नुसती उष्णता.

अडकल्यावरही १ अँपच्या आत राहणाऱ्या मोटरला मॉसफेटवाला (कमी व्होल्ट खाणाऱ्या ट्रान्झिस्टरचा) टीबी-६६१२ ड्रायव्हर बास (सलग १.२ अँप). या ४ अँपवालीला बीटीएस-७९६०. त्यावर छापलेले ४३ अँप मात्र मनावर घेऊ नका.

खोक्यावर अडकल्यावरचा करंट का छापत नसतील?