कवेलू फेरणं

मृग लागायच्या आधी आमच्याकडं एक दिवस कवेलू, म्हणजे छपराची कौलं, फेरायचा असतो. वर्षभर वांदरांनी छपरावर घातलेल्या धुडगुसाचा हिशेब त्या दिवशी होतो. बाबा छपराच्या लाकडी फाट्यांवर पाय तोलत वर चढतात, मी परसातल्या ढिगातून धड कवेलू काढून वर देतो. फुटकं खाली, धड वर. घर गळतं म्हणून भिंती पाडणारा माणूस मी आर्वी तालुक्यात अजून पाहिला नाही. कॉम्प्युटर अडला की मात्र सगळ्यांचं एकच, "फॉरमॅट मारून टाक ना बे!"

गावात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. एका रात्री विंडोजचा अपडेट चालू असताना लाइन गेली. यूपीएसची बॅटरी दोन उन्हाळ्यांआधीच वारली होती. नवी घेऊ, घेऊ म्हणत राहिलो. सकाळी पाहतो तर निळा पडदा, मग 'ऑटोमॅटिक रिपेअर', मग पुन्हा निळा. बाहेर बाकावर पीएम किसानची ई-केवायसी करायला आलेली मंडळी.

तालुक्याच्या पोराला फोन केला. "घेऊन या भाऊ, पाचशे रुपये, तासाभरात नवा कोरा." नवा कोरा, हेच तर दुखणं! मराठी टायपिंगचा कृतिदेव फॉन्ट गेला, अंगठ्याच्या मशीनचा मोठ्या मुश्किलीनं बसलेला ड्रायव्हर गेला, प्रिंटरची सीडी खताच्या कोणत्या चुंगडीत आहे देव जाणे, आणि डेस्कटॉपवर 'न्यू फोल्डर 4'पर्यंत वाढलेली वस्ती, ती वेगळीच. विंडोज बसायला तास लागतो, दुकान बसायला आठवडा.

पूर्वी एफ-8 दाबलं की सेफ मोड यायचा, म्हणजे अगदी गरजेपुरत्या सामानावर चालणारं विंडोज. 2012 साली विंडोज 8 आलं आणि ती वाट बुजली. आता सुरू होता होता बटण दाबून बंद करायचं. दोन-तीनदा असं केलं की तो आपसूक दुरुस्तीचं पान उघडतो. सिस्टम रिस्टोअरवर गेलो तर परतायला एकही जुना मुक्काम नाही. जागा वाचवायला ती सोय मीच कधी तरी बंद केली होती, आणि वाचलेल्या जागेत साळ्याच्या लग्नाचा व्हिडिओ भरला होता. मग 'नुकताच आलेला अपडेट काढा' हा पर्याय दाबला. विंडोज उघडलं, पण लंगडत. स्टार्ट मेनू उघडेना, प्रिंटर दिसेना.

इथं कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडायची, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून, आणि 'एसएफसी स्कॅननाऊ'ची आज्ञा द्यायची. विंडोज आपल्या फायलींचा धड साठा विनएसएक्सएस नावाच्या फोल्डरात राखून असतं. हा आमच्या परसातला ढीगच म्हणा ना. एसएफसी छपरावर चढून एकेक सिस्टम फाइल वाजवून पाहते, फुटकी निघाली की ढिगातली लावते. मला ती म्हणाली, फुटक्या सापडल्या, पण काही बदलता आल्या नाहीत. म्हणजे ढिगातलेच कवेलू फुटलेले. अशा वेळी 'डिझम'ला बोलवायचं, 'रिस्टोअर हेल्थ' सांगून. तो नेटवरून, विंडोज अपडेटकडून, धड माल मागवतो आणि आधी ढीग नीट करतो. नेट म्हणजे खिडकीच्या गजाला टांगलेला माझा मोबाइल.

62.3 टक्क्यांवर गाडी थांबली. थांबली म्हणजे रुतलीच.

बाकावरचे आबाजी डोकावले. "काय करून राह्यला बाप्पा?"

"कवेलू आणाले गाडी पाठवली, आबाजी."

"कोनाकडं?"

"अमेरिकेत."

"मंग आज काही येत नाही," म्हणून ते परत जाऊन बसले.

अशा वेळी बटणाकडं जाणारा हात मांडीखाली दाबून बसावं लागतं. बसल्या बसल्या 19 जुलै 2024 आठवला. एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या बिघडलेल्या एका फायलीनं जगभरातले सुमारे 85 लाख विंडोज कॉम्प्युटर निळे पडले, विमानं जमिनीवर राहिली. आणि इलाज काय होता? सेफ मोडमध्ये जा, ती फाइल उडवा, पुन्हा सुरू करा. एवढ्या मोठ्या हवेल्या गळत होत्या एका फुटक्या कवेलूपायी!

माझ्याकडं अजून एक पान शिल्लक होतं. चालू विंडोजच्या आतूनच त्याच विंडोजचा सेटअप चालवायचा आणि 'फायली आणि ॲप्स ठेवा' म्हणायचं. सगळं छप्पर नवं होतं, चूल-भांडी जागेवर राहतात. पण त्यात दिवस मोडला असता. हां, हार्डडिस्कच किरकिरत असती तर मात्र फाट्यालाच उधई लागली समजायचं. तिथं कवेलू फेरण्यात अर्थ नाही, आधी सामान बाहेर काढावं.

पाऊण तासानं आकडा हलला. शंभर झाले. पुन्हा एसएफसी, या खेपेला सगळ्या बसल्या. रिस्टार्ट केलं, प्रिंटरनं घसा खाकरला आणि अंगठ्याच्या मशीनचा लाल दिवा लागला.

पहिला नंबर आबाजींचा. जन्मभर पऱ्हाटीत झिजलेला अंगठा. मशीन तीनदा नाही म्हणाली.

"तुह्या अमेरिकेच्या कवेलूले दिसून नाही राह्यलं काय?"

ओला फडका दिला. "पुसून ठेवा आबाजी, दाबू नका."

चौथ्यांदा घेतला. पायरी उतरताना आबाजी वळले. "अन् मंग फोडलं कोनत्या वांदरानं?"

"लाइननं, आबाजी."

"थे त रोजचंच वांदर हाय," म्हणत त्यांनी चपला पायात सरकवल्या.