चव्वेचाळीस अक्षरांची किल्ली

नागपुरात कळमन्याच्या बाजारात संत्र्याचा सौदा दिवसा होतो, पण शेतकऱ्याचा जीव भांड्यात पडतो तो रात्री पट्टी हातात आल्यावर. माल किती भरला, भाव काय लागला, हमाली-तोलाई किती कापली, खात्यात किती येणार. काटोल, नरखेड, वरूडकडच्या शे-सव्वाशे शेतकऱ्यांना ही पट्टी रोज रात्री नऊला मोबाईलवर पाठवायची आणि पाठोपाठ पैशांची यादी बँकेच्या सर्व्हरवर टाकायची, हे काम आमच्याकडे आहे.

ते चालतं एअरफ्लोवर. एअरबीएनबीमध्ये २०१४ साली सुरू झालेलं आणि पुढे अपाचेकडे गेलेलं हे सॉफ्टवेअर. कामांची साखळी त्याला सांगून ठेवायची: आधी वजनं घे, मग भाव जोड, मग पट्ट्या कर, मग बँकेची यादी. मधली एक कडी अडली की तो पुढच्या कडीला हात लावत नाही. पैशाच्या कामात मला हा गुण फार मोलाचा वाटतो.

आमचा एअरफ्लो गायत्रीनगरच्या ऑफिसात टेबलाखालच्या एका कॉम्प्युटरवर होता. गेल्या वर्षी नवतप्याच्या कडक उन्हात तो गरम होऊन दोनदा बंद पडला. म्हणून यंदा ऊन तापायच्या आत सगळं ॲमेझॉनच्या मुंबईच्या क्लाउडवर, फारगेट नावाच्या सेवेवरच्या कंटेनरमध्ये हलवायचं ठरलं. कंटेनर म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र भरलेला डबा. एक अट मी लावून धरली होती: एकही गोष्ट स्क्रीनवर क्लिक करून करायची नाही, सगळं स्क्रिप्टमधून, म्हणजे फाइलमध्ये लिहून ठेवलेल्या आज्ञांमधून. हाताने केलेलं सहा महिन्यांनी कोणालाच आठवत नाही. स्क्रिप्ट मात्र उघडून वाचता येते.

मार्चचा शेवटचा आठवडा होता. जुना कॉम्प्युटर सकाळीच थांबवला, डेटाबेसची प्रत काढून क्लाउडवरच्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये भरली आणि स्क्रिप्ट सोडली. पहिला कंटेनर उठताच मेला. लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, एकच ओळ, ‘एक्झेक फॉरमॅट एरर’. इमेज, म्हणजे कंटेनरचा साचा, सहकारी मुलीच्या मॅकबुकवर बांधली होती. तिची चिप एआरएमची आणि क्लाउडवर आम्ही मागितलेली इंटेलच्या घराण्यातली. एकीसाठी बांधलेलं दुसरीवर चालत नाही. बांधताना प्लॅटफॉर्म, म्हणजे चिप कोणती ते, लिहून दिला आणि प्रश्न मिटला.

दुसऱ्या खेपेला वेळ गेला. सर्व्हिस स्थिर झाली का, हे ॲमेझॉनची कमांड दर १५ सेकंदांनी पाहते आणि ४० वेळा पाहून हात टेकते, म्हणजे दहा मिनिटं. आमची दहाच्या दहा मिनिटं गेली. एअरफ्लोचे दोन भाग, कामं वेळेवर सोडणारा शेड्यूलर आणि स्क्रीन दाखवणारा वेबसर्व्हर, दोघेही उठल्या उठल्या डेटाबेसच्या तक्त्यांची डागडुजी करायला धावत होते आणि एकमेकांची वाट अडवत होते. ती डागडुजी आम्ही वेगळी काढली. आधी एकच कंटेनर येऊन ती करून जाईल, मगच बाकीचे उठतील. साडेबाराला सगळं हिरवं झालं. आम्ही तर्री पोहे मागवले आणि मी जुना कॉम्प्युटर अकाउंट्सला देऊन टाकायला सांगितलं. मार्चअखेरीमुळे त्यांना मशीन हवंच होतं.

चारला चाचणीची पट्टी सोडली. पाच मिनिटांनी मुनीमकाकांचा फोन. ‘‘बेटा, पट्टी काऊन नाही आली?’’

स्क्रीनवर पहिलीच कडी लाल होती. लॉगमध्ये ‘इनव्हॅलिड टोकन’. ते दोन शब्द वाचले आणि पोटात खड्डाच पडला.

एअरफ्लो सगळे पासवर्ड डेटाबेसमध्ये कुलूपबंद करून ठेवतो. त्या कुलपाची एक किल्ली असते, फर्नेट की. डेटाबेस आम्ही जशाचा तसा आणला होता, पण किल्ली आणलीच नव्हती. माझ्या सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ होती: किल्ली नसेल तर नवी बनव. लॅपटॉपवर चाचणी सोपी जावी म्हणून मी ती लिहिली आणि तिथेच राहू दिली. आता प्रत्येक कंटेनर उठताना स्वतःची नवीच किल्ली घडवत होता. बाकीचे पासवर्ड पुन्हा मिळवता आले असते. बँकेच्या सर्व्हरचा मात्र नव्याने घ्यायचा तर अर्ज, सही, शिक्का, चार दिवस. चार दिवस शेतकऱ्याने पैशांसाठी का थांबावं?

खरी किल्ली जुन्या कॉम्प्युटरमध्ये होती. मी जिना उतरून अकाउंट्समध्ये धावले. हार्डवेअरवाले भाऊ पेनड्राइव्ह लावून बसले होते, स्क्रीनवर फॉरमॅटचा प्रश्न आलेला.

‘‘मॅडम, झालंच, फक्त एंटर मारायचं आहे.’’

‘‘भाऊ, हात काढा. कीबोर्डवरून हात काढा आधी!’’

त्यांनी हात वर केले. मी पेनड्राइव्ह काढला, मशीन पुन्हा सुरू केलं आणि एअरफ्लोची सेटिंगची फाइल उघडली. किल्ली तिथेच होती. छोट्या स्क्रिप्टने ती उचलून क्लाउडच्या सीक्रेट्स मॅनेजरमध्ये, म्हणजे गुपितांच्या तिजोरीत, ठेवली, कंटेनर पुन्हा उठवले. आता नवीनच तक्रार, ‘इनकरेक्ट पॅडिंग’.

सहकारी म्हणाली, ‘‘ताई, अक्षरं मोजू या.’’ मोजली तर त्रेचाळीस. फर्नेटची किल्ली चव्वेचाळीस अक्षरांची असते आणि शेवटचं अक्षर असतं बरोबरचं चिन्ह. माझी स्क्रिप्ट ओळीचे तुकडे त्याच चिन्हावर पाडत होती, नाव डावीकडे, किल्ली उजवीकडे. शेपटीचं चिन्ह त्यातच गळालं. पहिल्याच चिन्हावर एकदा तोडायचं आणि पुढचं सगळं जसंच्या तसं उचलायचं, एवढाच बदल केला. चव्वेचाळीस.

ही मोजणी करताना तिची नजर त्याच फाइलमध्ये वरच्या एका ओळीवर गेली. वेळेची जागा: एशिया-कोलकाता. नव्या कंटेनरमध्ये आम्ही ती दिलीच नव्हती आणि न दिल्यास एअरफ्लो यूटीसी ही जागतिक प्रमाणवेळ धरतो, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. नऊची पट्टी रात्री अडीचला गेली असती. ती फाइल मग आम्ही दोघींनी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली. जुन्या मशीनला जे जे ठाऊक होतं ते एकेक करून स्क्रिप्टमध्ये उतरवलं. किल्ली बनवणारी ओळ खोडून टाकली. आता किल्ली सापडली नाही तर कंटेनर उठतच नाही आणि कारण स्पष्ट मराठीत लॉगमध्ये लिहून थांबतो.

आठ पन्नासला सगळं पुन्हा हिरवं झालं. आम्ही घड्याळाकडे बघत बसलो. नऊला पहिली कडी, मग दुसरी, तिसरी, शेवटी बँकेची. मी श्वास रोखून होते. नऊ वाजून सहा मिनिटांनी फोन वाजला.

‘‘नरखेडची पट्टी आली बेटा. रक्कम बरोबर आहे, मी वहीशी पडताळली.’’ जरा थांबून काकांनी विचारलं, ‘‘उद्यापण नऊलाच ना?’’

‘‘हो काका, नऊलाच.’’